मिस्त्रींचा स्पेशल

मळणीचा हंगाम आला की गावात दोनच नवस बोलले जायचे. पाऊस येऊ नये म्हणून आणि मिस्त्री मोकळा सापडावा म्हणून. लोखंडालाही माणसासारखंच नेमकं कळतं, कधी मोडायचं ते. वर्षभर ट्रॉली गोठ्यामागे निवांत पडलेली असते, तेव्हा तिला काही होत नाही. भरलेल्या पोत्यांचं वजन अंगावर आलं की मग तिचा कणा मोडतो, आणि मालक घामाघूम होऊन मिस्त्रीच्या शेडसमोर उभा राहतो.

शेड म्हणजे रस्त्याकडेला चार खांबांवर टाकलेला पत्रा. आत वेल्डिंगचं मशीन, ग्राइंडर, भिंतीला टेकवलेले अँगल, आणि फळीवर रॉडची पाकिटं. मिस्त्री कामाला पक्का आणि तोंडाला तिखट. हाताखाली माणूस ठेवायचा नाही. बायकोच मदतीला. तिला सगळं गाव मिस्त्रीण म्हणायचं. ती पक्कडीत पट्टी धरायची आणि मान फिरवून उभी राहायची.

"धर. हलवू नको."

"हलत नाही मी. तुमचा हात हलतोय."

"माझा हात? ह्या हातानं पुलाचे गर्डर जोडलेत."

"मग पुलावरून कोण जातं का अजून, ते बघून या एकदा."

मिस्त्रीला गावात मान मोठा. समोरच्या टपरीवर गोड्या चहा विकायचा. गोड्या म्हणजे बोलणं गोड म्हणून. चहात साखर कमीच. सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा, मिस्त्रीला मात्र कागदी कपात. गोड्या रस्ता ओलांडून स्वतः आणून द्यायचा आणि लांबूनच ओरडायचा, "मिस्त्रींचा स्पेशल!" न्हावी मिस्त्रीला दुकानात बोलवायचाच नाही. पिशवी घेऊन शेडवर यायचा, डोळ्यांदेखत नवं पातं फोडायचा, आणि दाढी झाली की पातं तिथंच ठेवून जायचा. "असू द्या मिस्त्री, दोरी कापायला होईल." पारावर गेला तर बसलेली माणसं उठायची. "बसा मिस्त्री, बसा." आख्खा पार रिकामा, मधोमध मिस्त्री एकटा. एखाद्या पुढाऱ्यालाही एवढी जागा मिळत नसेल.

मिस्त्री घरी येऊन सांगायचा, "कारागिराला कसं जपायचं, हे गावाला बरोबर कळतं."

मिस्त्रीण चुलीकडे तोंड करून म्हणायची, "हो."

त्या हंगामात एका ट्रॉलीखाली उताणा झोपून मिस्त्री टाके मारत होता. उठला तेव्हा डाव्या कपाळावर चटके बसत होते. दुसऱ्या दिवशी तिथं बारीक फोडांचा घोस आला. एक पापणीवर, एक नाकाच्या शेंड्यावर.

"हे काय झालं?"

"ठिणग्या."

"टोपी नव्हती घातली?"

"टोपी घालून ट्रॉलीखाली तू झोपून बघ."

"ठिणग्या मी पण रोज खाते. एवढं नाही होत."

"तुझी कातडी जाड आहे."

मिस्त्रीचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांच्या डागांनी भरलेले. ठिणगी पडते, फोड येतो, फुटतो, डाग राहतो. ह्यात विचार करण्यासारखं काय? पण ह्या फोडांखाली आग होती. कपाळात कोणी लाल खिळा ठोकून सावकाश फिरवतंय असं वाटायचं. केसांवरून पंख्याचा वारा गेला तरी मिस्त्री शिवी द्यायचा.

मग डोळा लाल झाला. पाणी गळायला लागलं, उजेड सोसेना, पापणीखाली वाळू भरल्यासारखं. त्याचंही उत्तर मिस्त्रीकडे तयार होतं.

"चमक लागली."

वेल्डिंगवाल्याला चमक लागणं म्हणजे आचाऱ्याला चटका बसणं. काळी काच तोंडापुढे यायच्या आधी रॉड पेटला की डोळ्याला उजेड चावतो. बटाट्याची चकती कापायची, डोळ्यावर ठेवून फडकं बांधायचं, पडून राहायचं. दुसऱ्या दिवशी माणूस कामावर. मिस्त्रीनं चकती बांधली. बटाटा सुकला, बदलला, परत सुकला. घरातले बटाटे संपत आले. डोळा तसाच.

"चमक दोन्ही डोळ्यांना लागते," मिस्त्रीण म्हणाली. "ही एकाच डोळ्याला कशी लागली?"

"एक डोळा मिटून काम करत होतो."

"आणि कपाळ? ते पण अर्धंच मिटलं होतं?"

मिस्त्री डोळ्यावरचं फडकं नीट करायला लागला. तिनं संधी साधली. फळीवरचं जुनं रॉडचं पाकीट काढलं आणि त्याच्यापुढे हलवलं. आतल्या गोळ्या खुळखुळल्या.

"किती दिवस झाले बंद करून?"

"हळू बोल."

"कोण ऐकतंय इथं? अँगल?"

बांधकामाच्या साइटवर फिरत होता त्या काळात मिस्त्रीनं ते दुखणं घरी आणलं होतं. एचआयव्ही. तिलाही दिलं. त्यावरून जे भांडण व्हायचं होतं ते होऊन गेलं. भांडी आपटून झाली, ती माहेरी जाऊन परत आली. मोठ्या शहरातल्या केंद्रातून दोघांच्या गोळ्या यायच्या. ती नेमानं घ्यायची. तो घ्यायचा तेव्हा घ्यायचा. रात्रीची गोळी घेतली की सकाळी डोकं जड, आणि डोकं जड असलं की वेल्डिंगची रेघ वाकडी, असा त्याचा सिद्धांत. हंगाम तोंडावर आला तशी त्यानं गोळी बंद केली. हंगाम संपला की परत सुरू. जणू दुखणंही शेतकरी आहे, मळणीच्या दिवसांत त्याला सवड नसते.

"केंद्रातल्या ताईंना दाखवू," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या होत्या, काहीही झालं तरी आधी इकडं या."

"दिवस मोडतो जायला-यायला. शेडपुढे तीन ट्रॉल्या उभ्यात."

"मग डोळ्याच्या दवाखान्यात चला. बाजारगावचा तर जवळ आहे."

"तिथं तुझा भाऊ आहे."

हे खरं कारण. बाजारगावच्या डोळ्याच्या दवाखान्यात मिस्त्रीचा मेहुणा कंपाउंडर होता. थेंब घालायचा, नंबर पुकारायचा, डॉक्टरीणबाईंच्या शेजारी बॅटरी धरून उभा राहायचा. मिस्त्रीचं म्हणणं असं, की मेहुण्याच्या कानात पडलं म्हणजे त्याच्या बायकोच्या कानात पडलं, आणि तिच्या कानात पडलं म्हणजे गावात दवंडी. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढी वर्षं झाकली, आता एका डोळ्यापायी उघडायची?

"मूठ झाकून डोळा जाईल," मिस्त्रीण म्हणाली.

"चमक आहे गं. उतरेल."

उतरली नाही. मिस्त्री एका डोळ्यानं कामाला लागला. एका डोळ्यानं रॉडचं टोक कुठं आहे आणि लोखंड कुठं, ते नीट कळत नाही. टाका एक बोट अलीकडं पडायचा. ट्रॉलीवाला कंबरेवर हात ठेवून वाकून बघायला लागला.

"मिस्त्री, ही वेल्डिंग आहे का गांडूळ चाललंय?"

"मजबूत आहे ना?"

"गांडूळ पण मजबूत असतं, दाबल्याशिवाय." तो हसला, आणि मग हसू आवरून म्हणाला, "डोळ्याला काय झालं?" आणि विचारता विचारता दोन पावलं मागं सरकला.

मिस्त्रीच्या उघड्या डोळ्याला ती दोन पावलं दिसली. त्याला वाटलं, डोळे आलेत समजून घाबरला येडा.

शेवटी ट्रॉली भरली, शेताच्या बांधावर टाका सुटला, पोती चिखलात गेली. ट्रॉलीवाला शेडवर येऊन जे बोलला ते सगळ्या रस्त्यानं ऐकलं. त्याच दुपारी मिस्त्री बाजारगावच्या बसमध्ये बसला, शेजारी मिस्त्रीण.

दवाखान्यात मेहुण्यानं पुढं होऊन स्वागत केलं. "या दाजी. ताई, तू पण? बसा. नंबर मधे घालतो."

"पाणी दे रे जरा," मिस्त्रीण म्हणाली.

त्यानं पाण्याची बाटली विकत आणून दिली. दवाखान्यात माठ होता, माठावर पेला होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण जरबेच्या. त्यांनी मिस्त्रीची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात पिवळा थेंब घातला आणि निळा उजेड टाकला. मिस्त्री दचकला. उजेड त्याच्या ओळखीचा होता, रॉड पेटल्यासारखा, फक्त थंड.

"फोड कधीपासून?"

"ठिणग्या पडल्या, वेल्डिंग करतो."

"ठिणग्या?" बाईंनी त्याचं कपाळ बोटानं दाखवलं. "हे बघा, बरोबर कपाळाच्या मधोमध थांबलेत. उजवीकडे एक फोड नाही. ठिणग्या काय रेघ मारून पडतात का?"

मिस्त्रीचं आयुष्य ठिणग्यांत गेलं होतं. ठिणगी कधी शिस्तीत पडली नव्हती.

"नागीण आहे ही."

"नागीण कमरेला होते बाई."

"नसेला होते. ह्या नसेचा एक फाटा डोळ्यात जातो, एक नाकाच्या शेंड्याला. नाकावर फोड दिसला त्याच दिवशी यायला हवं होतं. बुबुळाला सूज आली आहे." त्या मागं टेकल्या. "तुमच्या वयाला ही इतक्या जोरात सहसा येत नाही. अंगातली ताकद कमी झाली की येते. दुसरा काही आजार? साखर? टीबी? एचआयव्ही?"

मेहुणा शेजारीच उभा होता. हातात थेंबाची बाटली. तो भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीकडे बघत होता, जणू त्याचीच नजर तपासायची आहे.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "घोड्यासारखा आहे मी."

मिस्त्रिणीनं तोंड उघडलं. मिस्त्रीनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. वेल्डिंगचे बूट, खाली लोखंडी टाच.

"रक्त तपासून घेऊ या?"

"डोळा दुखतोय बाई, रक्त नाही दुखत."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग मिस्त्रिणीकडे, मग औषधं दिली. दिवसातून पाच वेळा गोळ्या, डोळ्यात मलम. "चार दिवसांनी परत या. बरं वाटलं तरी या. मी काय म्हणते? बरं वाटलं तरी."

बाहेर आल्यावर मिस्त्रीण लंगडत होती.

"बोलू का दिलं नाहीत?"

"तुझा भाऊ कान टवकारून उभा होता."

"तो भिंतीकडे बघत होता."

"कान भिंतीलाच असतात."

ह्या विनोदावर तो स्वतःच हसला. ती हसली नाही.

आता गंमत ऐका. तीन दिवसांत आग कमी झाली. फोडांवर खपल्या धरल्या. आणि मग एका सकाळी मिस्त्री उठला तर डोळा दुखतच नव्हता. वाळू नाही, टोचणं नाही, पाणी नाही. जरा धुरकट दिसत होतं, पण धुरात तर त्याचं आयुष्यच गेलेलं. त्यानं डोळ्यावरचं फडकं काढून मशीनवर भिरकावलं.

"बघ! गेली तुझी नागीण."

"बाई म्हणाल्या होत्या, बरं वाटलं तरी या."

"त्यांना काय जातं? इथं ट्रॉलीवाला बोंबलतोय."

त्या दिवसांत मिस्त्रीसारखा आनंदी माणूस गावात नव्हता. ट्रॉलीवाल्याचा टाका फुकट मारून दिला. न्हाव्याची थट्टा केली, "नवं पातं फोडतोस खरा, धार तुझ्या जिभेलाच जास्त." गोड्याला म्हणाला, "आज दोन स्पेशल आण, एक मिस्त्रिणीला." गोड्यानं दोन कागदी कप आणले. स्वतःच्या हातातला काचेचा ग्लास टपरीवर ठेवून आला.

अशाच एका सकाळी ग्राइंडर चालू होता. मिस्त्री वाकून टाका घासत होता, काळा कीस उडत होता. हंगामी उन्हात पत्रा तापलेला. ग्राइंडर थांबला, मिस्त्रीनं मान वर केली, आणि मिस्त्रिणीच्या हातातली पक्कड खाली पडली.

"डोळा मिटा."

"का?"

"मिटा म्हणते ना!"

"अगं काय झालं?"

लोखंडाचा एक कण त्याच्या डाव्या बुबुळावर बसला होता. तीळ बसावा तसा. तो तिच्याकडे बघत होता, हसत होता, पापणी हलवत होता, आणि कण पापणीखाली सरकून परत वर येत होता. दुसऱ्या कोणी उड्या मारल्या असत्या. हा विचारतोय, का?

तिनं पदराचं टोक ओलं केलं, त्याची हनुवटी धरली, कण टिपला. पदर बुबुळाला लागला. तो हलला नाही.

"लागलं का?"

"काय?"

कणाच्या खाली, बुबुळावर, पांढरा ठिपका होता. दुधाच्या थेंबासारखा, कडेला खरवडल्यासारखा. कितीतरी दिवस त्यानं आरशात बघितलं नव्हतं. न्हावी शेडवर येत होता ना, दुकानातला आरसा दिसणार कुठून.

दुसऱ्यांदा दवाखान्यात मेहुण्यानं नंबर मधे घातला नाही, सरळ आत नेलं. बाईंनी कापसाची वात पिळून तिचं टोक बारीक केलं.

"आता मी उजव्या डोळ्याला लावते." मिस्त्रीचं डोकं मागे गेलं, डोळ्यात पाणी आलं. "आता डाव्या." वेळ गेला. "लागलं?"

"लावा की."

"लावून झालं."

बाईंनी वात कचऱ्यात टाकली.

"दुखायचं थांबलं म्हणून आला नाहीत ना? डोळ्याची नस मेली आहे. म्हणून दुखत नाही. आत जखम खात चालली आहे आणि तुम्हाला पत्ता नाही. बुबुळ कागदाएवढं पातळ झालंय. फुटलं तर डोळाच काढावा लागेल." त्यांचा आवाज चढला. "आता खरं सांगा. गोळ्या चालू आहेत का कसल्या? एचआयव्ही आहे का? ते कळलं असतं तर पहिल्याच दिवशी मी तुम्हाला हलू दिलं नसतं. दाखल केलं असतं, मोठ्या दवाखान्यात, रोज डोळा बघितला असता."

मिस्त्रीचा चांगला डोळा मेहुण्यावर गेला.

"ह्याला बाहेर पाठवा. मग सांगतो."

मेहुण्यानं बॅटरी टेबलावर ठेवली. तो बाहेर गेला नाही.

"दाजी," तो म्हणाला, "सांगून टाका. कोणापासून लपवताय?"

"तू बाहेर हो."

"आख्ख्या गावाला माहीत आहे दाजी. केव्हापासून."

"काय माहीत आहे?"

"तेच."

"कोणी सांगितलं? तू?"

"मी कशाला सांगू? शहरात त्या केंद्राच्या रांगेत तुम्हाला कोणीतरी बघितलं असेल. रांगेत कोण उभं असतं, हे सांगायला लागतं का? तुम्ही चहा कशात पिता, दाजी?"

मिस्त्री बघतच राहिला. एक डोळा पांढरा, एक उघडा. मग त्याच्या तोंडावरून एकेक गोष्ट चालत गेली: कप, पातं, पार, ट्रॉलीवाल्याची दोन पावलं, विकतची बाटली.

"पहिल्या दिवशी तू इथंच उभा होतास," तो म्हणाला. "बाईंनी विचारलं तेव्हा."

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमची इज्जत राहावी म्हणून."

"आणि ग्लासानं होत नाही, हे तुला माहीत आहे ना? दवाखान्यात काम करतोस."

"माहीत आहे."

"मग गावात का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत. तुझ्या घरात आहे का." मेहुण्यानं बॅटरी उचलली, परत ठेवली. "माझ्या पोरी लग्नाच्या आहेत दाजी."

मिस्त्रीनं बायकोकडे मान वळवली. "तुला पण माहीत होतं?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"पारावरून येताना तुमची छाती एवढी फुगलेली असायची," मिस्त्रीण म्हणाली. "टाचणी कोण लावणार?"

डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रीचा हात हातात घेतला. हातमोजा न घालता. "आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. गोळ्या हंगामात बंद केल्या," मिस्त्री म्हणाला. एवढं वाक्य बोलायला एक डोळा लागला.

मोठ्या दवाखान्यात बुबुळाला ठिगळ लावलं, पापणी अर्धी शिवून टाकली. डोळा राहिला, नजर गेली. केंद्रातल्या ताईंनी गोळी बदलून दिली, नव्या गोळीनं डोकं जड होत नव्हतं. "आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "बदलून दिली असती." मिस्त्री हसला. त्या हंगामात हे वाक्य त्याला फार जणांनी ऐकवलं होतं.

गावात परत आला तेव्हा मळणी उरकली होती. शेडपुढे एकही ट्रॉली नव्हती. गोड्या रस्ता ओलांडून आला. "मिस्त्री! आलात? हा घ्या स्पेशल."

मिस्त्रीनं कागदी कप घेतला. चहा मशीनच्या बाजूला मातीत ओतला. मग रस्ता ओलांडून टपरीवर गेला. बाकड्यावरची माणसं उठली. "बसा मिस्त्री."

"तुम्ही बसा," मिस्त्री म्हणाला. "मान पोचला."

त्यानं बादलीतल्या पाण्यात पालथा घातलेला एक ग्लास उचलला, किटलीतून चहा भरला, सावकाश फुंकर मारून प्यायला आणि ग्लास परत पाण्यात, बाकीच्या ग्लासांमध्ये सोडायला हात नेला.

"राहू द्या, राहू द्या!" गोड्या ओरडला, आणि मग स्वतःचा आवाज ऐकून गोड झाला. "तो ग्लास तुम्हालाच ठेवा मिस्त्री. माझ्याकडून भेट."

"खरं?"

"आपल्या माणसाला एवढं नको का?"

मिस्त्री ग्लास घेऊन आला. दुसऱ्या दिवशी परत गेला. दुसरा ग्लास उचलला, चहा प्यायला, पाण्याकडे हात नेला. गोड्याचं तोंड पडलं. "न्या," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी गोड्यानं ग्लास लपवून ठेवले. मिस्त्रीनं ट्रॉलीवाल्याच्या हातातला घेतला. "जरा घोट देता का?" ट्रॉलीवाल्यानं ग्लास असा सोडला की जणू तापलेला अँगल.

हंगामाची धूळ खाली बसेपर्यंत गोड्याकडे काचेचा एक ग्लास उरला नाही. नवे आणायला त्याचं मन होईना; आणले तर तेही शेडवरच जाणार. आता टपरीवर सगळे कागदी कपात चहा पितात. ट्रॉलीवाला, न्हावी, बाजारगावहून परत येताना मेहुणासुद्धा. "घ्या, घ्या," मिस्त्री शेडमधून ओरडतो, "सगळ्यांना स्पेशल!" आणि एकटाच एवढा हसतो की मशीनवरची धूळ उडते.

ग्लास शेडच्या फळीवर रांगेनं मांडलेत, गोळ्यांच्या डबीशेजारी. डबी आता उघड्यावर असते. मेहुणा एकदा डोकावला, तेव्हा मिस्त्रिणीनं विचारलं, "चहा घेतोस?" तो ग्लासांच्या रांगेकडे बघून म्हणाला, "आत्ताच घेऊन आलो ताई."

तो गेल्यावर तिनं दोन ग्लास भरले. एक त्याच्यापुढे, मशीनवर ठेवला.

"सगळं गाव आपल्या पंगतीला आणून बसवलं की नाही?" मिस्त्री म्हणाला. तिच्याकडे बघत, हसत, त्यानं ग्लासाकडे हात नेला. हात ग्लासाच्या अलीकडे एक बोट, रिकाम्या हवेत मिटला. त्यानं परत हात उघडला, परत मिटला.

तिनं ग्लास उचलला आणि त्याच्या मुठीत सरकवला.

"धरा," ती म्हणाली. "हलवू नका."